लपवून ठेवलेली माघार

जॉन केनेडींनी १९६२ च्या उन्हाळ्यात व्हाइट हाउसमधल्या कॅबिनेट रूममध्ये गुपचूप मायक्रोफोन बसवून घेतले. बैठकीला येणाऱ्या सेनापतींना त्याचा पत्ता नव्हता. त्या ध्वनिफिती बोस्टनच्या केनेडी ग्रंथालयानं आता सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत. रात्री घरातली सगळी झोपली की मी त्या ऐकते. आवाज अस्पष्ट आहेत, मध्येच कुणी खोकतं, कागद सळसळतात, आणि मग एखादं वाक्य इतकं स्वच्छ कानावर येतं की फीत मागं नेऊन पुन्हा ऐकावं लागतं.

१९ ऑक्टोबरच्या बैठकीत असंच एक वाक्य आहे. क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं उभी राहत असल्याचे फोटो १६ तारखेला सकाळी केनेडींच्या हाती आले होते. त्यांचा कल समुद्रात नाकेबंदी करण्याकडे होता. हवाई दलाचे प्रमुख जनरल कर्टिस लमे यांना ताबडतोब बॉम्बहल्ला हवा होता. मार्च १९४५ मध्ये ज्यांच्या हुकमावरून टोकियो एका रात्रीत जाळलं गेलं तेच हे लमे. ते अध्यक्षांच्या तोंडावर म्हणाले, की ही नाकेबंदी जवळजवळ म्यूनिकच्या शरणागतीइतकीच वाईट आहे. १९३८ साली म्यूनिकमध्ये हिटलरपुढे मान तुकवली गेली तेव्हा केनेडींचे वडील लंडनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते आणि ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन यांच्या त्या धोरणाचे समर्थक होते. म्हणजे घाव नेमका वर्मावर होता. केनेडी खोलीतून निघून गेले तरी फीत चालूच राहिली. मागं राहिलेले सेनापती लमेंची पाठ थोपटताना त्यात ऐकू येतात.

मला ही फीत ऐकताना धडकी भरते ती त्यांच्या आवाजातल्या खात्रीमुळे. त्या खोलीतल्या प्रत्येकाला वाटत होतं की क्युबात काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे. प्रत्यक्षात त्यांना निम्मंही ठाऊक नव्हतं. आणि जे ठाऊक नव्हतं ते कळायला तीस-चाळीस वर्षं गेली.

ही खात्री एका दिवसात आलेली नव्हती. दुसरं महायुद्ध संपल्यावर उरलेल्या दोन महासत्तांपैकी प्रत्येकीची श्रद्धा होती की इतिहास आपल्या बाजूनं आहे. एकीला वाटायचं, भांडवलशाही आतून कुजून आपोआप कोसळणार. दुसरीला वाटायचं, माणसाला निवडीचं स्वातंत्र्य मिळालं की तो साम्यवादाकडे पाठच फिरवणार. इतिहासावर इतका विश्वास असेल तर थांबायलाही जमायला हवं होतं. पण दोघींनाही थांबवेना. ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत उपग्रह स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेची झोप उडाली. सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव सांगत सुटले की आमच्या कारखान्यांतून क्षेपणास्त्रं सॉसेजसारखी बाहेर पडतायत. ती तशी पडत नव्हती. १९६० च्या निवडणुकीत केनेडींनी मात्र अमेरिका क्षेपणास्त्रांत मागं पडल्याचा प्रचार केला. निवडून आल्यावर उपग्रहांच्या फोटोंवरून दिसलं ते बरोबर उलटं होतं. १९६२ साली अमेरिकेकडे पंचवीस हजारांच्या पुढे अण्वस्त्रं होती आणि सोव्हिएत संघाकडे तीन-सव्वातीन हजार. एकानं थापा मारल्या, दुसऱ्यानं त्या खऱ्या मानून आपली शस्त्रं वाढवली, आणि त्या वाढलेल्या शस्त्रांना घाबरून पहिला खरोखरच काहीतरी करायला निघाला.

ते काहीतरी म्हणजे क्युबा. एप्रिल १९६१ मध्ये सीआयएनं तयार केलेले सुमारे चौदाशे निर्वासित क्युबन ‘बे ऑफ पिग्ज’ला उतरले आणि तीन दिवसांत हरले. त्यानंतरही क्युबाचे नेते फिडेल कास्त्रो यांना उलथवण्याचे छुपे उद्योग थांबले नाहीत. तिकडे तुर्कस्तानात पंधरा आणि इटलीत तीस अशी अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं सोव्हिएत भूमीवर रोखलेली होती. मे १९६२ मध्ये ख्रुश्चेव बल्गेरियाच्या दौऱ्यावर होते. तिथंच आपल्याला हे सुचलं, असं त्यांनी पुढं आठवणींमध्ये सांगितलं. क्युबाचं रक्षण होईल आणि अमेरिकेलाही कळेल, शेजारी क्षेपणास्त्र उभं असलं की कसं वाटतं ते.

या मोहिमेचं नाव ठेवलं ‘अनादिर’. ही सायबेरियाच्या पार ईशान्य टोकाची, चुकोत्का प्रदेशातली नदी. सुगावा लागू नये म्हणून काही तुकड्यांना बर्फात वापरायचे जाड कोट, नमद्याचे बूट, स्की असा सरंजाम दिला गेला. कुठं जायचंय ते जहाजाच्या कप्तानांनाही माहीत नव्हतं. मोहोरबंद पाकिटं भर समुद्रात उघडायची होती. दिवसा टेहळणी विमानांना माणसं दिसू नयेत म्हणून सैनिकांना खाली मालाच्या कोठारात कोंडून ठेवलेलं असे. वरचा लोखंडी डेक तापला की आत पारा पन्नासच्या वर जाई. त्यातली बरीचशी पोरं विशी-बाविशीची. खेड्यापाड्यांतून आलेली, समुद्र पहिल्यांदाच पाहणारी. दोन विचारसरणींचा झगडा असं आपण सहज म्हणून जातो. मला त्या शब्दांशेजारी त्या कोठारात घामानं निथळत, ओकाऱ्या काढत बसलेली ही पोरं दिसतात. कुठल्या देशासाठी मरायला निघालोय हेही त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

अशी बेचाळीस हजारांच्या आसपास माणसं क्युबात उतरली. संकट उभं राहिलं तेव्हा सीआयएचा अंदाज होता दहा हजारांच्या आसपास. अण्वस्त्रांचे प्रत्यक्ष स्फोटक भाग बेटावर पोहोचलेत की नाहीत याचाही ठोस पुरावा त्यांना मिळाला नव्हता. ते पोहोचले होते. आणि वॉशिंग्टनवर डागायच्या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांखेरीज जवळपास शंभर छोटी अण्वस्त्रंही आली होती. किनाऱ्यावर उतरणाऱ्या अमेरिकन फौजेवर, त्यांच्या जहाजांवर वापरायची. लमे आणि त्यांचे सहकारी ज्या स्वारीची तयारी करत होते ती थेट या शस्त्रांच्या तोंडी गेली असती. जगातल्या सगळ्यात बलाढ्य लष्कराचे सेनापती नकाशावर बोट ठेवून इथं उतरू, तिथं उतरू असं ठरवत होते आणि त्या किनाऱ्यावर आपली वाट कोण पाहतंय याची त्यांना कल्पना नव्हती.

२२ ऑक्टोबरला केनेडींनी टीव्हीवरून नाकेबंदी जाहीर केली. पण त्या दोन आठवड्यांतला खरा दिवस २७ ऑक्टोबर, शनिवार. त्या एका दिवसात तीन घटना घडल्या, आणि तिन्हींचा हुकूम ना केनेडींनी दिला होता ना ख्रुश्चेवनी.

पहिली अलास्काकडची. चार्ल्स मॉल्ट्सबी नावाचा वैमानिक यू-टू हे टेहळणी विमान घेऊन उत्तर ध्रुवाकडे गेला होता. सोव्हिएत अणुचाचण्यांची धूळ हवेत सापडते का ते पाहायचं, एवढंच त्याचं काम. ध्रुवाजवळ होकायंत्राचा भरवसा नसतो, ताऱ्यांवरून दिशा काढावी लागते. त्या रात्री ध्रुवीय प्रकाशानं आकाश असं भरून गेलं होतं की त्याला तारेच नीट ओळखता येईनात. तो भरकटला आणि सोव्हिएत हद्दीत शिरला. तोही चुकोत्कावर, ज्या प्रदेशातल्या नदीचं नाव त्या मोहिमेला दिलं होतं तिथं. त्याला पाडायला मिग विमानं उडाली. त्याच्या मदतीला अलास्कातून अमेरिकन लढाऊ विमानं उडाली, आणि त्यांच्यावर अण्वस्त्र बसवलेली हवेतून हवेत मारायची क्षेपणास्त्रं होती. ती वापरायची की नाही हे त्या क्षणी प्रत्यक्षात त्या वैमानिकांच्या हातात होतं. मॉल्ट्सबी इंधन संपलेलं विमान तरंगवत कसाबसा परत आला. बातमी कळल्यावर केनेडी म्हणाले, निरोप न पोहोचलेला कुणीतरी एखादा दीडशहाणा नेहमी असतोच.

दुसरी क्युबाच्या पूर्वेला, बानेसजवळ. मेजर रुडॉल्फ अँडरसन यांचं यू-टू जमिनीवरून डागलेल्या क्षेपणास्त्रानं पडलं आणि ते गेले. हा निर्णय तिथल्या सोव्हिएत अधिकाऱ्यांनी आपल्या पातळीवर घेतला, मॉस्कोला न विचारता. वॉशिंग्टनमध्ये मात्र सगळ्यांनी गृहीत धरलं की ख्रुश्चेवनी मुद्दाम पायरी चढवली. असं विमान पडलं तर त्या तळावर हल्ला करायचा हे आधी ठरलेलं होतं. केनेडींनी तो थोपवला.

तिसरी पाण्याखाली. मुर्मान्स्कच्या बाजूनं १ ऑक्टोबरला चार पाणबुड्या निघाल्या होत्या, प्रत्येकीवर एक अण्वस्त्र बसवलेला टॉर्पेडो. उत्तरेकडच्या गार पाण्यासाठी बांधलेल्या या पाणबुड्या सरगासो समुद्राच्या कोमट पाण्यात अडकल्या. आत उष्मा असह्य झाला, पिण्याचं पाणी पेल्यानं मोजून मिळू लागलं, माणसं चक्कर येऊन पडू लागली. बी-५९ या पाणबुडीला अमेरिकन विनाशिकांनी घेरलं आणि तिला वर यायला लावण्यासाठी सरावाचे लहान बॉम्ब टाकायला सुरुवात केली. असे बॉम्ब म्हणजे वर या अशी खूण आहे, हे अमेरिकेनं मॉस्कोला कळवलं होतं. पाणबुड्यांपर्यंत ते पोहोचलंच नाही. संपर्क तुटलेला, वर काय चाललंय ते कळत नाही, आणि पत्र्यावर घण पडावेत तसे स्फोट. संदेशवहन अधिकारी वादिम ऑर्लोव यांच्या आठवणीनुसार कप्तान सावित्स्की यांचा तोल गेला, वर युद्ध सुरू झालंय असं समजून त्यांनी तो टॉर्पेडो तयार करायला सांगितलं. त्यांना शांत करणाऱ्यांत पाणबुडीवरचे दुसरे वरिष्ठ अधिकारी वासिली आर्खीपॉव होते. वर्षभर आधी, जुलै १९६१ मध्ये, के-१९ या अणुपाणबुडीची अणुभट्टी बिघडली तेव्हा आर्खीपॉव त्या पाणबुडीवर होते. किरणोत्सारानं सोबत्यांना मरताना त्यांनी जवळून पाहिलं होतं. बी-५९ वर नेमकं काय बोलणं झालं याबद्दल तिथल्या माणसांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत, त्यामुळे आर्खीपॉवनी एकट्यानं जग वाचवलं असं मी म्हणणार नाही. पण पाणबुडी वर आली. टॉर्पेडो सुटला नाही. आणि वरच्या विनाशिकांना पुढची कित्येक वर्षं माहीत नव्हतं की आपण कशावर बॉम्ब टाकत होतो. हे सगळं जगासमोर आलं ते २००२ साली, हवानामधल्या परिषदेत. तोवर आर्खीपॉव जाऊन चार वर्षं झाली होती.

त्याच शनिवारी वर बसलेली दोन माणसं मात्र एकमेकांकडे सरकत होती, हे मला फार मोलाचं वाटतं. ख्रुश्चेवनी २६ तारखेला एक लांबलचक पत्र पाठवलं होतं. मी दोन युद्धं पाहिली आहेत, असं त्यात ते लिहितात, युद्ध गावांतून-शहरांतून मरण पेरत फिरल्याशिवाय संपत नाही. तुम्ही आणि आम्ही ज्या दोरीला युद्धाची गाठ मारली आहे तिची टोकं आता ओढू नयेत. जितकं ओढू तितकी गाठ घट्ट होईल, आणि मग ती सोडवता येणार नाही, कापावीच लागेल. स्टालिनग्राडला राहून आलेल्या, युद्धात वैमानिक मुलगा गमावलेल्या माणसाचं ते पत्र आहे. मुत्सद्देगिरीची भाषा बाजूला सारून लिहिलेलं. ते मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीत पोहोचवून, भाषांतर होऊन, सांकेतिक तारेनं वॉशिंग्टनला पूर्ण मिळेपर्यंत जवळपास बारा तास गेले. उलट्या दिशेची गत याहून वाईट. वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांचे संदेश न्यायला वेस्टर्न युनियन या तार कंपनीचा एक पोऱ्या सायकलवर येई. तो वाटेत कुठं रेंगाळू नये अशी प्रार्थना करण्यापलीकडे आमच्या हाती काही नव्हतं, असं त्यांनी पुढं लिहिलं. क्षेपणास्त्राला अर्धा तास पुरत होता. पत्राला अर्धा दिवस लागत होता.

शनिवारी संध्याकाळी अध्यक्षांचे भाऊ आणि ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींनी दोब्रिनिन यांना आपल्या कार्यालयात बोलावलं. क्युबावर स्वारी न करण्याचं वचन जाहीरपणे मिळेल, आणि तुर्कस्तानातली ज्युपिटर क्षेपणास्त्रं चार-पाच महिन्यांत निघतील. मात्र दुसऱ्या गोष्टीची वाच्यता कुठंही होता कामा नये. ही अट अमेरिकेत अध्यक्षांसह जेमतेम नऊ जणांना माहीत होती. उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन त्यांत नव्हते. २८ तारखेला सकाळी ख्रुश्चेवनी क्षेपणास्त्रं मागं घेत असल्याचं रेडिओ मॉस्कोवरून जाहीर केलं. पत्र पोहोचायला वेळ लागेल या भीतीनं थेट रेडिओवरूनच. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत बाजूनं हा सौदा कागदावर आणणारं पत्र दिलं, ते रॉबर्ट केनेडींनी परत केलं. असं पत्र दप्तरात सापडणं त्यांच्या राजकीय भवितव्याला परवडणारं नव्हतं.

इथून पुढची गोष्ट मला त्या तेरा दिवसांपेक्षाही जास्त अस्वस्थ करते.

दोघांनी माघार घेतली होती. जगाला मात्र एकाचीच दिसली. परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांचं वाक्य घरोघरी पोहोचलं, की आम्ही नजरेला नजर भिडवून उभे होतो आणि समोरच्याची पापणी लवली. ज्या क्षणाबद्दल ते बोलत होते, २४ ऑक्टोबरची सकाळ, त्या क्षणी महत्त्वाची सोव्हिएत जहाजं केव्हाच मागं वळली होती आणि नाकेबंदीच्या रेषेपासून शेकडो मैल दूर होती. समोर कुणी नव्हतंच. संयुक्त राष्ट्रांतले अमेरिकेचे प्रतिनिधी अडलाय स्टिव्हन्सन यांनी बैठकीत सुचवलं होतं की तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं सौद्यात घालावीत. डिसेंबरात एका मोठ्या साप्ताहिकात छापून आलं, की स्टिव्हन्सन यांना दुसरं म्यूनिक घडवायचं होतं. केनेडींनी जे गुपचूप केलं तेच उघडपणे सुचवणारा माणूस भित्रा ठरला, आणि ज्यांना खरं माहीत होतं ते गप्प राहिले. रॉबर्ट केनेडींच्या आठवणी त्यांच्या हत्येनंतर १९६९ मध्ये छापल्या गेल्या, तेव्हा त्यांतूनही हा सौदा स्पष्टपणे येऊ दिला गेला नाही. ते संपादन आपण केल्याची कबुली केनेडींचे सल्लागार टेड सोरेन्सन यांनी १९८९ साली मॉस्कोत दिली.

सत्तावीस वर्षं हे झाकून ठेवण्याची किंमत कुणी मोजली? वर्षभरानं केनेडींचा खून झाला आणि जॉन्सन अध्यक्ष झाले. त्यांना ठाऊक असलेला क्युबाचा धडा एकच होता: ठाम राहिलं, दाब वाढवत नेला की साम्यवादी नमतात. तेच सल्लागार, तोच धडा, आणि समोर व्हिएतनाम. व्हिएतनाम युद्धाला दुसरीही कारणं होती, ती मी नाकारत नाही. पण ज्या माणसाला तिथं दबाव कुठवर वाढवायचा ते ठरवायचं होतं, त्याच्यापासून हे लपवलेलं होतं की क्युबात दबावानं एकट्यानं काम केलं नव्हतं, देवाणघेवाण झाली होती. हे मला साधं राजकीय गुपित वाटत नाही. हा गुन्हा वाटतो.

तिकडे ख्रुश्चेवनी दिलेला शब्द पाळला, सौद्याबद्दल तोंड मिटून ठेवलं, आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये त्यांच्याच सहकाऱ्यांनी त्यांना खुर्चीवरून ओढलं तेव्हा क्युबाची नामुष्कीही त्यांच्या पदरात घातली. सोव्हिएत मुत्सद्दी कुझनेत्सोव यांनी अमेरिकन वाटाघाटीकार मक्लॉय यांना बजावलं होतं, की पुन्हा तुम्हाला आमच्याशी असं वागता येणार नाही. तो शब्दही पाळला गेला. १९८६ पर्यंत सोव्हिएत अण्वस्त्रं चाळीस हजारांच्या घरात गेली होती. दोन माणसांनी मरणाच्या दारात उभं राहून जे शिकून घेतलं ते दोघांच्याही देशांना शिकता आलं नाही, कारण ते त्यांना सांगितलंच गेलं नाही.

आमच्या घरात १९६२ म्हणजे चीन. आजी त्या वर्षाबद्दल बोलायची ती राष्ट्रीय संरक्षण निधीत दिलेल्या पाटल्यांबद्दल, जवानांसाठी विणलेल्या स्वेटरांबद्दल, आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले त्याबद्दल. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे ती अशा अभिमानानं म्हणायची की जणू तिनंच त्यांना पाठवलं होतं. क्युबाचं नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. साहजिक आहे, चीननं हल्ला केला तो २० ऑक्टोबरला, आणि आपल्या वर्तमानपत्रांत लडाख आणि नेफाखेरीज कशाला जागा होती? पण त्या दोन गोष्टी एकमेकींना लागून होत्या. ऐन संकटात मॉस्कोला पेकिंगची साथ हवी होती, म्हणून सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र असलेल्या ‘प्रावदा’नं २५ ऑक्टोबरला सीमाप्रश्नावर चीनच्या बाजूनं झुकणारा अग्रलेख लिहिला. नेहरूंना तो फार लागला. क्युबाचा प्रश्न सुटल्यावर नोव्हेंबरात मॉस्कोचा सूर पुन्हा बदलला. अमेरिकेचे राजदूत गालब्रेथ त्या आठवड्यात दिल्लीत बहुतेक निर्णय स्वतःच्या अकलेनं घेत होते, कारण वॉशिंग्टनमध्ये कुणाला भारताकडे पाहायला सवड नव्हती. आजीच्या पाटल्या ज्या युद्धासाठी गेल्या त्याचे काही धागे कॅरिबियन समुद्रापर्यंत पोहोचत होते. तिला हे सांगायला हवं होतं असं फार वाटतं.

आणि क्युबा? ज्यांच्या जमिनीवर हे सगळं चाललं होतं त्यांना कुणी विचारलंच नाही. क्षेपणास्त्रं परत जाणार हे कास्त्रोंना बातम्यांतून कळलं. त्यांची समजूत काढायला ख्रुश्चेवनी आपले जुने सहकारी अनास्तास मिकोयान यांना पाठवलं. २ नोव्हेंबरला ते हवानात पोहोचले आणि दुसऱ्याच दिवशी मॉस्कोत त्यांच्या पत्नी अश्खेन गेल्या. सोबत आलेल्या मुलाला त्यांनी अंत्यविधीला परत पाठवलं आणि स्वतः थांबले. लोक समजतात की संकट २८ ऑक्टोबरला संपलं. ते संपवलं या वृद्ध आर्मेनियन माणसानं, पुढच्या तीन आठवड्यांत. कारण ती शंभरेक छोटी अण्वस्त्रं अजून बेटावरच होती. अमेरिकेला ती ठाऊक नव्हती, त्यामुळे परत न्यायला कुणी सांगितलंही नव्हतं, आणि सुरुवातीला मॉस्कोचा विचार ती क्युबनांच्या हवाली करण्याचा होता. कास्त्रोंशी रोज तासन्‌तास बोलून मिकोयान यांची खात्री पटली की हे होऊ देता कामा नये. दुखावलेला, चिडलेला, हौतात्म्याला तयार असलेला तरुण नेता त्यांना समोर दिसत होता. २२ नोव्हेंबरच्या भेटीत त्यांनी कास्त्रोंना सांगितलं, की अण्वस्त्रं दुसऱ्या देशाला द्यायला आमच्या कायद्यात मनाई आहे. असा कायदा नव्हता. डिसेंबरच्या सुरुवातीला ती शस्त्रं जहाजावर चढली. ही खोटी थाप मारणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात अपार कृतज्ञता आहे.

अण्वस्त्रांच्या भीतीमुळेच तिसरं महायुद्ध टळलं, असं म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण असहमत नाही. केनेडी आणि ख्रुश्चेव दोघेही घाबरले होते म्हणूनच वाकले. पण ती भीती वरच्या मजल्यावरची. मॉल्ट्सबीच्या मदतीला उडालेल्या वैमानिकापर्यंत, बानेसच्या क्षेपणास्त्र तळापर्यंत, बी-५९ च्या उकाड्यापर्यंत ती पोहोचत नव्हती. तिथं भीतीनं माणूस थांबेलच असं नव्हतं, भीतीनंच तो कळ दाबण्याची शक्यता जास्त होती. त्या शनिवारी दुसरे अधिकारी पहाऱ्यावर असते तर काय झालं असतं, याचं उत्तर कुठल्याही सिद्धांतात मिळत नाही.

जानेवारी १९९२ मध्ये हवानात एका टेबलाभोवती कास्त्रो, केनेडींचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा आणि मोहिमेच्या आखणीत असलेले सोव्हिएत जनरल ग्रिब्कोव बसले होते. तिथं ग्रिब्कोव यांनी सांगितलं की बेटावर छोटी अण्वस्त्रं होती. मॅक्नमारा हादरले. त्यांनी कास्त्रोंना विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं का, आणि आम्ही स्वारी केली असती तर ती वापरा असं तुम्ही ख्रुश्चेवना सांगितलं असतं का? कास्त्रो म्हणाले, माहीत होतं, आणि सांगितलं असतं नव्हे, सांगितलंच होतं. मग क्युबाचं काय झालं असतं? क्युबा नामशेष झाला असता. तीस वर्षांपूर्वी एकमेकांना संपवायला निघालेली ही माणसं आता समोरासमोर बसून, आपापले कागद काढून, तुला तेव्हा काय माहीत होतं असं एकमेकांना विचारत होती.

आपल्या उपखंडात मे १९९८ पासून दोन अण्वस्त्रधारी शेजारी आहेत. दर १ जानेवारीला दोन्ही सरकारं आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. १९९२ पासून, कारगिलचं वर्ष धरून आजपर्यंत, त्यात खंड पडलेला नाही. हे आपण केलेलं चांगलं काम आहे आणि ते फारसं कुणाला माहीत नसतं. पण ९ मार्च २०२२ ला आपलं एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र देखभालीच्या वेळी चुकून सुटलं आणि पाकिस्तानी पंजाबातल्या मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. जीवितहानी झाली नाही. चूक झाल्याचं आपल्या सरकारनं जाहीरपणे सांगितलं ते ११ तारखेला, आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. त्या संध्याकाळी सीमेपलीकडच्या रडारसमोर कोण बसलं होतं, त्यानं पडद्यावर काय पाहिलं, वरिष्ठांना काय कळवलं, त्यांनी काय ठरवलं, हे तुम्हाआम्हाला माहीत नाही. कारगिलच्या उन्हाळ्यात, २००२ च्या सैन्य जमवाजमवीत, बालाकोटनंतरच्या रात्री दोन्ही बाजूंच्या खोल्यांत काय बोललं गेलं, तेही नाही. त्या वेळी निर्णय घेणारी बरीच माणसं आज निवृत्त आहेत, म्हातारी झाली आहेत. दोन्हीकडच्या अशा माणसांना, ती हयात आहेत तोवर, दिल्लीत, लाहोरात नाहीतर तिसऱ्याच कुठल्या गावात एका टेबलाभोवती बसवावं आणि हवानातला तोच प्रश्न विचारावा, एवढं मला हवं आहे.